चिंधीचे मोल, टाक्याचे मोल

कवितासंग्रह, नाटके आणि चरित्रे यांची परीक्षणे या पानांवर नेहमी येतात. आज आम्ही ज्या कृतींचे परीक्षण करणार आहोत त्यांना प्रकाशक नाही, मुखपृष्ठ नाही आणि किंमतही छापलेली नाही. त्या सुईदोऱ्याने लिहिलेल्या आहेत. परंतु ज्या कृतीत निवड असते, मांडणी असते आणि काही सांगण्याची ओढ असते तिला परीक्षणाचा अधिकार आहे, असे आम्ही मानतो. केवळ ‘छान आहे हो’ म्हणून बायकांच्या हस्तकलेची बोळवण करणे हा तिचा सन्मान नव्हे.

प्रसंग असा. मीरा-भाईंदरच्या आमच्या धर्मग्रामातील भगिनींनी सणाच्या निमित्ताने एक आव्हान स्वीकारले. प्रत्येक घराने बारा इंची एक चौकट शिवून भरतकामाने सजवायची आणि सर्व चौकटी जोडून एकच मोठे वस्त्र तयार करायचे. प्रकार ठरला ‘क्रेझी क्विल्ट’. चोवीस चौकटी आल्या. म्हणजे चार फूट रुंद आणि सहा फूट लांब असे वस्त्र. उत्तनच्या किनाऱ्यावरील घरांतून आल्या, तशाच मीरा रोडच्या सातव्या-आठव्या मजल्यांवरूनही आल्या. शिवणकामाच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंसमवेत परीक्षक म्हणून आम्हाला बसविण्यात आले. आमची पात्रता एवढीच की, सेमिनरीत असताना आमची बटणे आम्हीच लावीत होतो.

प्रथम या प्रकाराची ओळख करून देणे अगत्याचे आहे. ‘क्रेझी’ या शब्दाने वाचकांनी दचकू नये. चिनी मातीच्या भांड्याच्या झिलईला जे बारीक, वेडेवाकडे तडे जातात त्यांच्याशी या नावाचे नाते सांगितले जाते. 1876 साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे मोठे प्रदर्शन भरले. तेथील जपानी दालनातील वस्तूंनी अमेरिकन स्त्रिया मोहून गेल्या आणि पुढील दशकात रेशीम व मखमल यांच्या आडव्यातिडव्या तुकड्यांची ही वस्त्रे घरोघरी होऊ लागली. कृती अशी: मांजरपाटाच्या चौकोनावर मध्यभागी पाच कोनी तुकडा ठेवायचा, त्याच्या प्रत्येक कडेला दुसरा तुकडा उलटा ठेवून शिवायचा व मग सुलटा करायचा. असे करीत चौकोन भरला की, प्रत्येक सांध्यावर हेरिंगबोन, फेदर, काजटाका, साखळी यांपैकी एखादा टाका घालायचा. मोकळ्या जागी फुले, पंखे, कोळ्याचे जाळे, आद्याक्षरे काढायची. दोन तुकडे सारखे असता कामा नयेत आणि एकही सांधा उघडा राहता कामा नये, हा या प्रकाराचा धर्म होय.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. हे वस्त्र पांघरण्यासाठी नव्हतेच. त्यात बहुधा कापूस भरीत नसत. ते दिवाणखान्यातील कोचावर पाहुण्यांच्या दृष्टीस पडेल असे टाकण्यासाठी होते. पुढे पुढे तर रेशमाच्या चिंध्यांची पाकिटे विकत मिळू लागली. म्हणजे जी कला घरातील उरल्यासुरल्या कापडातून जन्मते तिच्यासाठी उरलेसुरले कापडच बाजारातून आणण्याची वेळ आली! त्यातही काव्यगत न्याय असा की, त्या काळचे रेशीम वजनदार भासावे म्हणून त्यावर धातूंच्या क्षारांची प्रक्रिया करीत. त्याच क्षारांनी ते आतून कुजले. आज संग्रहालयांत अशा वस्त्रांवरील टाके शाबूत दिसतात, पण खालचे रेशीम मात्र चिरफाळलेले असते.

आता आमच्यापुढील चौकटींकडे वळू. चोवीसांपैकी तिघींविषयीच येथे लिहितो. कारण त्या तिघींत मिळून सर्व प्रश्न सामावलेले आहेत.

पहिली चौकट साटीनची होती. जांभळा, सोनेरी आणि शुभ्र असे तीनच रंग. उपासनेच्या वर्षाची आठवण देणारे. टाक्यांची लांबी इतकी सारखी की, शिक्षिकाबाईंनी मोजपट्टी काढून पाहिली आणि मान डोलावली. मध्यभागी मण्यांनी भरलेली द्राक्षे व गव्हाची कणसे. दोष शोधूनही सापडेना. आम्ही तिला पहिला क्रमांक दिला.

दुसरी चौकट महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीची होती. तिने आपल्या वडिलांच्या जुन्या सदऱ्याचा खिसा बटणासकट मध्यभागी बसविला होता. खिशाच्या तळाशी पेन गळून पडलेला शाईचा डाग होता. कोणीही तो तुकडा टाकून दिला असता किंवा डागावर एखादे फूल काढून तो झाकला असता. या मुलीने त्या डागाच्या कडेकडेने निळ्या दोऱ्याची साखळी घातली होती, जणू नकाशात एखादे बेट दाखवावे. टाके कोठे घट्ट, कोठे सैल. एका कोपऱ्यात कापड चक्क ओढले गेले होते. तिला आम्ही दुसरा क्रमांक दिला.

तिसरी चौकट उत्तनकडील एका वृद्ध मावशींची. चौकड्यांच्या लाल लुगड्याचे तुकडे, एक पांढरा तुकडा धोतराचा आणि सर्वांवरून कडेपासून मध्यापर्यंत फिरत गेलेला साधा धावदोरा. मागे अस्तर, मधे आणखी दोन जुन्या कापडांचे थर. ना फूल, ना पंखा, ना मणी. सांध्यांवर सजावटीचा टाका हवा हा नियम पाळलेला नव्हता, म्हणून आम्ही ती स्पर्धेबाहेर ठेवली. मावशी रागावल्या नाहीत. त्यांनी जोडून ठेवलेल्या सर्व चौकटींवरून हात फिरविला, मण्यांपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “फादर, सगला झ्याक हाय. पन ही पांघरायची कोनी?”

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. नंतर कित्येक दिवस तो आमच्या मनातून गेला नाही, आणि प्रस्तुत लेख हे त्याच उत्तराचा उशिरा केलेला शोध आहे.

मावशींनी जे शिवले होते ते क्रेझी क्विल्ट नव्हे, ती गोधडी होती. आपल्याकडे कोणी तिला वाकळ म्हणतात, सीमेपलीकडे कौदी म्हणतात, तान्ह्या बाळासाठी केले तर दुपटे म्हणतात. तिची घडण क्रेझी क्विल्टच्या नेमकी उलट आहे. तेथे टाका हा तुकड्यांवरचा दागिना असतो. येथे टाका हाच वस्त्राचा सांगाडा असतो. धावदोरा दोन कापडे नुसती जोडीत नाही, तो सर्व थर आरपार शिवतो. म्हणूनच जीर्ण लुगडे एकटे टिकले नसते तेथे चार जीर्ण लुगडी मिळून आणखी दहा वर्षे ऊब देतात. आम्ही ज्याला सजावटीचा अभाव म्हटले तो वास्तविक दुसऱ्या व्याकरणाचा नियम होता. संस्कृतच्या व्याकरणाने ओवीतील चुका काढाव्यात, तसे आमचे झाले.

याच व्याकरणाचा एक थोर नमुना आपल्या शेजारीच आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांतील अनेकांना पोर्तुगिजांनी गुलाम म्हणून आणले होते. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि कॅथलिकही आहेत. सिद्दी स्त्रिया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची जी पांघरुणे शिवतात त्यांतही धावदोरा कडेपासून आत आत फिरत जातो. चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाचे त्रिकोणी ‘फूल’ बसविल्याखेरीज पांघरूण पुरे झाले असे त्या मानीत नाहीत. कॅथलिक सिद्दी भगिनी पुष्कळदा त्यावर क्रूसही बसवितात. येथे सौंदर्य आहे, श्रद्धेची खूण आहे आणि तरीही रात्री त्याखाली मुले झोपतात. सुंदर की उपयुक्त, हा वाद त्या घरात उद्भवतच नाही.

आमच्या श्रद्धेचे ग्रंथही याबाबतीत आमच्याहून शहाणे आहेत. नव्या, न भिजलेल्या कापडाचे ठिगळ जुन्या वस्त्राला लावू नये, असे प्रभू येशूने सांगितले. प्रवचनात आम्ही या वचनाचा आध्यात्मिक अर्थ असंख्य वेळा उलगडला असेल. परंतु ते प्रथम शिवणकामातील एक बिनचूक निरीक्षण आहे. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि भोवतालचे जीर्ण कापड फाडते. ज्या घरात ठिगळे लावली जात असत त्या घरात वाढलेल्या माणसाचे हे बोलणे आहे. प्रेषितांच्या कृत्यांत यापो येथील टबीथा मरण पावते तेव्हा विधवा स्त्रिया रडत रडत पेत्राला तिने केलेले अंगरखे व वस्त्रे दाखवितात. त्या टाक्यांची लांबी मोजीत नाहीत. कोणी कोणासाठी काय शिवले, एवढेच त्या दाखवितात. आमच्या मते ख्रिस्तसभेतील हस्तकलेचे ते पहिले परीक्षण होय.

मग भरतकाम व्यर्थ काय? तसे आम्ही म्हणणार नाही. निर्गम ग्रंथात पवित्र मंडपासाठी भरतकाम करणाऱ्यांच्या कौशल्याला देवाचे दान म्हटले आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत बंगालमधील सातगावच्या कारागिरांनी पोर्तुगिजांसाठी टसर रेशमाने भरलेल्या रजया आज परदेशच्या संग्रहालयांत आहेत; त्यांवर शलमोनाचा न्यायही भरलेला आढळतो. कौशल्याचा आम्हाला आकस नाही. साटीनच्या चौकटीवर आमचा आक्षेप एवढाच की, तिच्यातील एकाही तुकड्याला भूतकाळ नव्हता. सारे कापड त्याच आठवड्यात दुकानातून आले होते. द्राक्षे आणि कणसे निर्दोष होती, परंतु ती कोणत्याही साटीनवर तितकीच निर्दोष दिसली असती. याउलट शाईच्या डागाभोवतीची ती निळी साखळी दुसऱ्या कोणत्याही कापडावर निरर्थक ठरली असती. तेथे टाका कापडाशी बोलत होता. कापडाने जे भोगले ते न झाकता त्याला कडा देणे, हे या प्रकारातील खरे काव्य. पहिला क्रमांक तिचा होता. तो आम्ही दिला नाही, ही आमची चूक येथे छापून कबूल करतो.

दुसरी चूक याहून गंभीर आहे. काही चौकटींत जुन्या लुगड्यांचे जरीकाठ पाहून आम्ही आनंदलो होतो. नंतर कळले की, एका घरी आजीचे शेवटचे अखंड लुगडे या बारा इंचांसाठी कापले गेले. आपल्या ईस्ट इंडियन आणि कोळी घरांतून अशी लुगडी आता किती उरली आहेत? गोधडीत लुगडे जाते ते नेसून, विरून, दुसरा उपाय न उरल्यावर. तो त्याचा नैसर्गिक मृत्यू असतो आणि पुनरुत्थानही. धडधाकट लुगड्यावर कात्री चालविणे याला आम्ही तेच नाव देऊ शकत नाही. शलमोनापुढील त्या दोघींत खरी आई कोणती हे कशावरून ठरले, ते वाचकांना ठाऊक आहेच. ज्या स्पर्धेमुळे ती कात्री चालली तिचे नियम करताना आम्ही गप्प बसलो होतो.

चोवीस घरांचे एक वस्त्र, या कल्पनेवरून ऐक्याचे सुंदर प्रवचन सुचते. गोवा, मंगळूर, वसई, केरळ येथून आलेली कुटुंबे आणि येथील मूळ गावकरी यांचे आमचे धर्मग्राम खरोखरच तुकड्यातुकड्यांचे आहे. परंतु तो मोह आम्ही आवरतो; कारण ते वस्त्र सध्या काचेच्या चौकटीत भिंतीवर आहे आणि मावशींची चौकट त्यात नाही. जे ऐक्य नियमात न बसणारी बाई बाहेर ठेवते त्याचे प्रवचन आम्ही कोणत्या तोंडाने करावे?

म्हणून पुढील वर्षाच्या आव्हानासाठी आमच्या काही सूचना आहेत. कापड जुनेच असावे, सुती असावे आणि आधी धुतलेले असावे. धड वस्त्र कापू नये. फाटलेल्याचाच तुकडा घ्यावा. मणी व आरसे नकोत, कारण ते धुण्यात टिकत नाहीत आणि आजाऱ्याच्या अंगाला टोचतात. भरतकाम हौसेने करावे, पण मागून जुन्या साडीचे अस्तर लावून सर्व थरांतून धावदोरा फिरवावा. कापड कोणाचे होते ते प्रत्येक चौकटीमागे दोऱ्याने लिहावे. आणि तयार झालेले पांघरूण भिंतीवर न टांगता, आम्ही ज्या घरी आजाऱ्यांना परमप्रसाद घेऊन जातो त्या घरी ते जावे. तेथील गरज सरली की, धुऊन पुढच्या घरी.

ते फाटेल, हे आम्हाला मान्य आहे. फाटले की त्यावर ठिगळ लावावे. धावदोरा कसा घालायचा हे शिकविण्याची विनंती घेऊन आम्ही मावशींकडे गेलो होतो. त्यांनी प्रथम आमच्या हाती सुई दिली आणि दोरा ओवून दाखवा म्हणाल्या. तिसऱ्या प्रयत्नात तो ओवला गेला.