रुळलेल्या वाटा आणि विज्ञानकथेची दृष्टी

विज्ञानकथेचा विचार करताना मराठी समीक्षेने प्रामुख्याने दोन प्रश्न विचारले. कथेतील विज्ञान कितपत बिनचूक आहे, आणि कथा म्हणून ती कितपत साधली आहे? हे दोन्ही प्रश्न रास्त असले तरी त्यांच्या भरात तिसरा प्रश्न मागे पडला. विज्ञानकथेत रमलेला रसिक पुस्तक मिटून घराबाहेर पडतो, तेव्हा नेहमीचा रस्ता, नेहमीची गाडी, हाताशी असलेली वस्तू त्याला कशी दिसते? दूरच्या ग्रहांची सफर घडविण्यापेक्षा ही दृष्टी घडविण्यातच या वाङ्मयप्रकाराचे खरे सामर्थ्य आहे. भारतीय साहित्यातील तीन कथांतील प्रवास या दृष्टीने लक्षणीय ठरतात.

जगदीशचंद्र बोस यांनी १८९६ मध्ये केशतेलाच्या एका उत्पादकाने योजलेल्या स्पर्धेसाठी बंगालीत एक कथा लिहिली. पुढे ती ‘पलातक तुफान’ या नावाने विस्तारित रूपात आली. तापातून उठलेला निवेदक हवापालटासाठी बोटीने सिलोनकडे निघतो. वाटेत वादळ गाठते. अखेर सामानातील केशतेलाची बाटली तो समुद्रात रिकामी करतो आणि लाटा शमतात. इकडे येऊ घातलेले वादळ गेले कुठे, या विवंचनेत कलकत्त्याचे हवामानतज्ज्ञ पडतात. तेलाचा पातळ थर पाण्यावरील तरंग दबवतो, या तथ्याची ही मिस्कील अतिशयोक्ती आहे. परंतु कथा वाचल्यावर फडताळातील बाटली पूर्वीसारखी निरुपद्रवी राहत नाही. क्षुल्लक वस्तूत दडलेल्या शक्यतेची जाणीव हे या दृष्टीचे पहिले लक्षण होय.

रुकय्या सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज् ड्रीम’ ही इंग्रजी कथा १९०५ मध्ये मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकात प्रसिद्ध झाली. तिच्यातील प्रवास म्हणजे बव्हंशी पायी फेरफटका. भर दिवसा, बुरख्यावाचून रस्त्याने चालताना सुलताना संकोचते. आणि त्या नगरीतील स्त्रिया तिच्या या बुजरेपणाला ‘पुरुषी’ म्हणून हसतात. तेथे पुरुष पडद्याआड आहेत आणि स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर होतो. सौर चुलीची कल्पना काळाच्या पुढची खरीच. पण कथेचा घाव त्या एका विशेषणात आहे. जे निसर्गदत्त म्हणून मानले गेले ते केवळ वहिवाटीचे होते, हे येथे रस्त्यावरून चालण्याच्या साध्या क्रियेतून उघड होते.

जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत ही दृष्टी इतिहासाकडे वळते. ‘द ॲडव्हेंचर’ या तिच्या इंग्रजी रूपात इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत जिजामाता एक्स्प्रेसने पुण्याहून मुंबईस निघालेले आहेत. लोणावळा, कर्जत, कल्याण ही स्थानके तीच, घाटही तोच. मात्र पुण्याबाहेरचे कारखाने दिसत नाहीत, आणि लांब बोगद्यापलीकडे ‘सरहद’ नावाच्या स्थानकावर ब्रिटिश हद्द सुरू होते. १७६१ च्या रणांगणावर विश्वासरावांना लागलेली गोळी या जगात त्यांना चाटून गेलेली असते. शास्त्रीय उलगडा पुढे येतो. पण वाचक हलतो तो त्याआधीच, एका सहप्रवाशाच्या साध्या उत्तराने. हे खानसाहेब मुंबईहून फ्रंटियर मेलने पेशावरला जाणार असतात, आणि त्यात त्यांना काही विशेष वाटत नाही. प्रत्यक्षातील फ्रंटियर मेल १९२८ पासून मुंबई-पेशावर धावत होती. फाळणीनंतर ती अमृतसरला थांबू लागली. पानिपताचा उलटलेला निकाल ग्रंथालयातील पानांत सापडतो, तर न झालेल्या फाळणीची चाहूल डब्यातील गप्पांत लागते.

येथेच या कथेची मर्यादाही दिसते. शेवटी मित्राकरवी येणारे पुंजवादाचे विवेचन अभ्यासपूर्ण आहे. परंतु खानसाहेबांच्या उत्तराने वाचकाच्या मनात जे उघडले, ते या विवेचनाने काहीसे मिटते. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. त्या पर्यायी मुंबईचे स्थानक स्वच्छ, टापटीप आहे; ते स्वच्छ राखणारे हात मात्र प्राध्यापकांच्या नजरेत येत नाहीत. इतिहासाचा फासा उलटा पडला तर राजसत्ता बदलेल. पण फलाटावर झाडू कोणाच्या हाती असेल? सुलतानाच्या फेरफटक्याने कोण कुठे चालते हेच बदलून दाखविले होते. पर्यायी जग रचणाऱ्या दृष्टीने श्रमाची वाटणी जशीच्या तशी ठेवली, तर तिचे धाडस अर्धे राहते.

विज्ञानकथेवर पलायनवादाचा आरोप नेहमी केला जातो. या तिन्ही कथा त्याला पुरेसे उत्तर देतात. पळून जाणाऱ्याला परत येण्याचे प्रयोजन नसते. या कथांतील प्रवासी मात्र परततात, आणि त्यांच्यासोबत वाचकही. परतलेल्या रसिकाला प्रत्येक स्थानक हे अनेक संभवांपैकी प्रत्यक्षात आलेला एक संभव म्हणून दिसू लागते. जे आहे ते असेच असायला हवे होते, ही समजूत एकदा ढळली की त्याबद्दलची जबाबदारीही टाळता येत नाही.