आईचा गंध आणि मालकाची नजर

फटाके वाजू लागले की पलंगाखाली शिरून थरथरणारा कुत्रा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ‘यावर काही औषध नाही का?’ असे वाटणारच. गेली वीस-पंचवीस वर्षे या प्रश्नाला एक मोहक उत्तर मिळत आले आहे : आईचा गंध. प्लगला लावायची कुपी, गळ्यातला पट्टा किंवा फवारा अशा रूपांत हे ‘शांत करणारे फेरोमोन’ विकले जाते. त्यामागचा पुरावा किती भक्कम आहे, ते येथे पाहू.

कल्पना मुळात सुंदर आहे. फ्रेंच पशुवैद्य पात्रिक पाजा यांनी १९९० च्या दशकात व्यालेल्या कुत्रीच्या आचळांच्या दोन ओळींमधील तैलग्रंथींचा स्राव तपासला. त्यात काही मेदाम्ले आढळली. त्यांच्या एस्टरांचे मिश्रण प्रयोगशाळेत तयार करून, पिलांना आईजवळ जो दिलासा मिळतो तोच या मिश्रणाने मोठ्या कुत्र्यालाही मिळेल, असे मांडले गेले. यातील ओलेइक, पामिटिक आणि लिनोलेइक ही आम्ले शेंगदाण्याच्या तेलातही असतात. म्हणून दावा खोटा ठरत नाही, कारण संदेश मिश्रणाच्या प्रमाणातही असू शकतो. मात्र तो तेथे आहे, हे दाखवून द्यावे लागते.

असे दाखवता येते का? येते. ‘फेरोमोन’ हा शब्द कार्लसन आणि ल्यूशर यांनी १९५९ मध्ये रूढ केला. त्याच वर्षी बुटेनांट यांनी रेशमाच्या सुमारे पाच लाख माद्यांपासून बॉम्बिकॉल हे एकच संयुग वेगळे काढले. त्याच्या अत्यल्प मात्रेनेही नर पतंग पंख फडफडवू लागतो. २००३ मध्ये सशाच्या दुधातून असेच एक संयुग मिळाले. काचेच्या कांडीला ते लावून पुढे धरले की सशाचे पिलू आचळ शोधावे तशी हालचाल करते. दोन्ही ठिकाणी संयुग निश्चित आहे आणि प्रतिसाद कोणालाही डोळ्यांनी पाहता येतो. कुत्र्याच्या बाबतीत ‘शांत होणे’ हा प्रतिसाद इतका ढोबळ आहे, की तो कोण पाहतो आणि कोण मोजतो यावरच सारे ठरते.

खरी अडचण येथेच आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात फटाक्यांना घाबरणाऱ्या ३० कुत्र्यांच्या घरी ही कुपी लावली. भीतीच्या १४ लक्षणांपैकी ९ लक्षणांत सुधारणा झाल्याचे मालकांनी सांगितले. मात्र तुलनेसाठी रिकामी कुपी लावलेला गट नव्हता. कुत्र्याला कुपीत काय आहे ते ठाऊक नसते, मग त्याच्यावर नकली औषधाचा परिणाम कसा होईल, असे विद्यार्थी विचारतील. विचारावेच. औषध कुत्र्याला दिलेले असते, पण गुण मालक देतो. अपस्माराच्या कुत्र्यांवरील तीन चाचण्यांचा आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नकली औषध मिळालेल्या २८ कुत्र्यांपैकी २२ जणांचे झटके कमी झालेले दिसले! रोग बळावलेला असतानाच माणूस उपचाराकडे वळतो, आणि मग तो आपसूकही थोडा उतरतो, हेही त्याचे एक कारण असू शकते.

आम्हीही यातून सुटलो नाही. एका दिवाळीत परदेशाहून आलेल्या आप्तांनी आणलेली कुपी आम्ही घरात लावली, आणि आमचा कुत्रा यंदा कितीतरी शांत आहे असे आम्ही चार जणांना सांगितलेही. सर्वांत जास्त माळा लावणारे शेजारी त्या वर्षी गावी गेले होते, हे भाऊबीज झाल्यावर ध्यानात आले. प्रयोगशाळेत नियंत्रण-गटाशिवाय पाऊल न टाकणारी माणसे घरात कशी वागतात, याचा हा नमुना!

२०१० मध्येच कुत्र्या-मांजरांवरील अशा १४ अभ्यासांची छाननी प्रसिद्ध झाली. बहुतेकांचा पुरावा अपुरा ठरला. कुत्र्यांच्या बाबतीत आधार मिळाला तो प्रशिक्षणवर्गातील पिलांवरील एका अभ्यासाला. पुढे २०१५ मध्ये २४ बीगल कुत्र्यांना ढगांच्या गडगडाटाचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला. निम्म्यांना खरा पट्टा, निम्म्यांना नकली. खरा पट्टा असलेल्यांची भीती कमी भरली. हा प्रयोग नीट रचलेला आहे आणि तो बाजूला सारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण प्रयोगशाळेतील एकाच जातीचे कुत्रे म्हणजे घरोघरचे कुत्रे नव्हेत, आणि संशोधकांत उत्पादक कंपनीची माणसेही होती. त्यामुळे स्वतंत्रपणे तोच प्रयोग पुन्हा व्हायला हवा. ‘गंध निरुपयोगी आहे’ असे आम्ही म्हणत नाही. ‘सिद्ध झाला आहे’ असे वेष्टनावरून जे भासते, तेवढे सिद्ध झालेले नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

कुपीवर विसंबून दुसरे काही न करण्यात मात्र कुत्र्याचे नुकसान आहे. श्टेफानी रीमर यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १,२०० हून अधिक मालकांनी माहिती दिली. फटाका वाजताच खाऊ किंवा खेळ देण्याचा उपयोग झाला असे सुमारे ७० टक्के मालकांनी सांगितले. पशुवैद्याने लिहून दिलेल्या औषधांबाबतही प्रमाण जवळपास तेच होते. फेरोमोन, वनौषधी, होमिओपॅथी आदींचे आकडे २७ ते ३५ टक्के, म्हणजे नकली औषधाकडून अपेक्षा करावी तितकेच. हीदेखील मालकांचीच मते, हे विसरू नये. तरी सारे मालक सारखेच आशावादी धरले, तर एवढी तफावत का पडावी?

वर्गात हे करून पाहण्यासाठी कुत्रा लागत नाही. दोन पेल्यांत एकच सरबत ओतावे, एकावर ‘खास’ अशी चिठ्ठी लावावी आणि मुलांना गुण द्यायला सांगावे. मग चिठ्ठी काढून, पेल्यांची अदलाबदल करून पुन्हा गुण घ्यावेत. दोन्ही वेळचे आकडे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावेत.