आपत्तीतील मृत्यूची व्याख्या आणि दीर्घकालीन रुग्ण : ‘मारिया’ चक्रीवादळाच्या मृत्युगणनेची चिकित्सा

आपत्तीचे गांभीर्य मृतांच्या संख्येवरून ठरविण्याची प्रथा सार्वत्रिक आहे. मात्र त्या संख्येत कोणते मृत्यू धरले जातात, हा प्रश्न क्वचितच उपस्थित होतो. पुरात वाहून गेलेली व्यक्ती आपत्तीचा बळी ठरते. इन्सुलिनअभावी काही आठवड्यांनी दगावलेला मधुमेही मात्र ‘आजाराने’ गेला, अशी नोंद होते. या भेदाचे परिणाम कोठवर पोहोचतात, याचे बोलके उदाहरण म्हणजे प्युर्तो रिको हे अमेरिकेच्या अखत्यारीतील कॅरिबियन बेट. २० सप्टेंबर २०१७ रोजी तेथे ‘मारिया’ चक्रीवादळ धडकले. शासनाने जाहीर केलेला मृतांचा आकडा वर्षअखेरीस अवघा ६४ होता.

वादळ ओसरले तरी वीज कित्येक महिने परतली नाही. शीतपेटीअभावी इन्सुलिन टिकेना, विजेवर चालणारी श्वसनयंत्रे बंद पडली. व्हिएकेस या लगतच्या बेटावरील डायलिसिसची सोयच नष्ट झाल्याने तेथील रुग्णांना आठवड्यातून तीनदा विमानाने मुख्य बेटावर न्यावे लागले. मूत्रपिंडाच्या रुग्णासाठी आपत्ती वाऱ्याबरोबर संपत नाही; ती वाऱ्यानंतर सुरू होते.

येथे दोष व्याख्येचा होता असे म्हणणे सोपे, परंतु अपुरे ठरेल. सेवा खंडित झाल्यामुळे जुना आजार बळावून आलेला मृत्यूही आपत्तीजन्य मानावा, अशी अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे आहेतच. अडचण होती ती पद्धतीची. अशा प्रत्येक मृत्यूवर सान हुआन येथील न्यायवैद्यक संस्थेचे शिक्कामोर्तब आवश्यक होते. त्यासाठी मृतदेह राजधानीत आणावा, अथवा तपासनीसाने गावी जावे. रस्तेच उखडलेल्या बेटावर हा नियम पाळणे कितपत शक्य होते, हे वेगळे सांगावयास नको.

पुढे दोन अभ्यासांनी हा आकडा मोडीत काढला. मे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हार्वर्डच्या संशोधकांच्या पाहणीत ३,२९९ कुटुंबांना प्रश्न विचारून ४,६४५ अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज बांधण्यात आला. त्याची सांख्यिकीय मर्यादा ७९३ ते ८,४९८ इतकी विस्तृत होती, याकडे घोषणा देणाऱ्यांनी सोयीस्कर दुर्लक्ष केले. ऑगस्ट २०१८ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाने फेब्रुवारी २०१८ अखेरपर्यंतच्या मृत्युनोंदींवरून २,९७५ हा आकडा काढला व शासनाने तो स्वीकारला. मृत्यूचा धोका गरीब नगरपालिकांत आणि ६५ वर्षांवरील पुरुषांत अधिक व दीर्घकाळ राहिल्याचेही त्यातून दिसले. आपत्तीतील मृत्यूची नोंद कशी करावी याचे डॉक्टरांना प्रशिक्षण नव्हते, हेही या अभ्यासाने नमूद केले.

दुसरा आकडा अधिक भरवशाचा आहे, यात शंका नाही. तथापि तो केवळ एकूण मृत्यूंचा आहे. त्यांतील किती जण इन्सुलिनअभावी गेले, किती डायलिसिस चुकल्याने, याचे उत्तर त्यात नाही. पुढील वादळापूर्वी औषधसाठा ठरविणाऱ्या अधिकाऱ्यास नेमके तेच हवे असते. आधीच्या पाहणीतील कुटुंबांना मृत्यूचे कारण निदान विचारले तरी गेले होते. सुमारे एक तृतीयांश मृत्यूंबाबत त्यांनी उपचारास विलंब झाल्याचे अथवा उपचार खंडित झाल्याचे सांगितले.