वेदना आणि रेषा : रुग्णशय्येवरील किशोरांच्या चित्रांविषयी

करुणरसापासून आनंद कसा होतो, हा प्रश्न मराठी समीक्षेने पिढ्यान्‌पिढ्या चघळला आहे. भट्टनायक-अभिनवगुप्तांचे साधारणीकरण, ॲरिस्टॉटलचे कॅथार्सिस यांच्या साहाय्याने रसिकाच्या मनाचे पृथक्करण पुष्कळ झाले, के. ना. वाटवे यांनी 'रसविमर्शा'त त्यासाठी मानसशास्त्राचाही आधार घेतला. परंतु या सर्व चर्चेत दुःख दुसऱ्याचे आणि आस्वाद आपला, अशी वाटणी गृहीत धरलेली असते. ज्याचे दुःख स्वतःचे, तेही हाडामांसातले, त्याने खाटेवर पडल्या पडल्या हाती रंग घेतला तर काय घडते, हे विचारण्याचा प्रसंग आपल्यावर क्वचितच आला. चित्रोपचार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने तो आता आणला आहे. किशोरवयीन रुग्णांच्या बाबतीत तर तो अधिकच निकडीचा आहे.

या पद्धतीला नाव दिले ते एका रोगी चित्रकाराने. एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार १९३८ साली क्षयाने आजारी पडून मिडहर्स्ट येथील आरोग्यधामात राहिला. तेथे स्वतःचा वेळ जावा म्हणून तो चित्रे काढू लागला आणि पुढे सहरुग्णांनाही त्याने त्या नादी लावले. १९४२ मध्ये त्याने 'आर्ट थेरपी' हा शब्द योजिला व १९४५ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिले. चित्रात मन गुंतले की दुखण्याचा विसर पडतो, हे त्याच्या अनुभवाचे सार होय. त्याला शरीरशास्त्राचे पाठबळ पुढे १९६५ साली मेल्झॅक व वॉल यांच्या सिद्धान्ताने मिळाले. शरीराकडून येणारी वेदनेची वार्ता पाठीच्या कण्यातील एका 'दारा'तून मेंदूकडे जाते आणि मेंदूकडून येणाऱ्या संदेशांनी ते दार कमीअधिक मिटू शकते, असे त्यांनी मांडले. तपशिलात त्यात पुष्कळ दुरुस्त्या झाल्या; पण मनाच्या अवस्थेचा वेदनेवर परिणाम होतो, ही गोष्ट आता विवाद्य राहिलेली नाही.

म्हणून प्रयोगांचे निष्कर्ष मात्र भाबडेपणाने स्वीकारता येत नाहीत. शिकागो येथील एका रुग्णालयात कर्करोगाच्या पन्नास रुग्णांना एकेक तास चित्रकाम देऊन त्यांच्या नऊ तक्रारींची नोंद घेण्यात आली व मळमळ वगळता बाकीच्या आठ, वेदनेसह, कमी झाल्याचे २००६ साली प्रसिद्ध झाले. हे रुग्ण प्रौढ होते, आणि चित्रकाम न दिलेल्या रुग्णांचा वेगळा गट तुलनेसाठी नव्हता. कोणी आपुलकीने तासभर जवळ बसले, याचा गुण किती व रंगांचा किती, हे त्यातून कसे कळावे? उलट २००१ साली सान फ्रान्सिस्कोहून सात ते सतरा वर्षांच्या जखमी मुलांविषयी जो अहवाल आला, त्यात मानसिक आघाताची लक्षणे नेहमीच्या शुश्रूषेपेक्षा चित्रोपचाराने विशेष घटल्याचे दिसले नाही. चित्रोपचाराचे कैवारी या दुसऱ्या अहवालाचा उल्लेख करण्यास विसरतात.

आमचा खरा आक्षेप मात्र आकड्यांविषयी नाही. पुष्कळ ठिकाणी रुग्णाला 'तुझी वेदना काढून दाखव' असे सांगण्याचा प्रघात आहे, त्याविषयी तो आहे. फ्रिडा कालो या मेक्सिकन चित्रकर्तीचे उदाहरण या संदर्भात वारंवार दिले जाते. पण ते नीट वाचले जात नाही. सप्टेंबर १९२५ मध्ये, अठराव्या वर्षी, बसच्या अपघातात तिचा कणा मोडला. आईने खाटेवर बसेल अशी घोडी करवून घेतली, वर आरसा लावला. या काळात मुलीने काय रंगविले? स्वतःचा चेहरा आणि मित्रमैत्रिणींचे चेहरे. १९२६ च्या तिच्या आत्मचित्रात मखमली पोशाखातील, लांब मानेची एक डौलदार तरुणी दिसते. जखमेचा मागमूस नाही. आपला कणा भंगलेल्या स्तंभाच्या रूपाने तिने चितारला तो १९४४ साली, म्हणजे तब्बल एकोणीस वर्षांनी. साधारणीकरणाला लागणारे अंतर तिला आयुष्याने दिले, कोणा उपचारकाने नव्हे. अठरा वर्षांच्या मुलीला हवी होती ती वेदनेची प्रतिमा नव्हे, वेदनेवाचूनची स्वतःची प्रतिमा.

आपल्याकडचे उदाहरण रुग्णालयातले नाही, तरी जवळचे आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांची आई ते लहान असतानाच वारली. त्यानंतर त्यांची वाचा जणू बंद झाली व कित्येक वर्षे ते धुळीत चित्रे काढूनच आपले म्हणणे सांगत, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. लग्नाचा चौक भिंतीवर लिहिणे हे वारल्यांत सुवासिनींचे काम. ते या पुरुषाने आपलेसे केले. त्यांच्या चित्रांत मासेमारीची जाळी, भातशेती, मुंग्यांच्या रांगा यांची गर्दी आहे. मातृशोक शोधू जाणाऱ्याच्या हाती तेथे फारसे लागणार नाही. चित्राने त्यांचा शोक बोलून दाखविला नाही. बोलण्याची शक्ती परत दिली.

कर्जत-खालापूरच्या एखाद्या ठाकूरवाडीतला किंवा कातकरवाडीतला पंधरा वर्षांचा मुलगा डोळ्यांपुढे आणावा. मोठे दुखणे निघाले की लोकलने शंभर किलोमीटर मुंबई गाठायची आणि परळच्या एखाद्या रुग्णालयात दाखल व्हायचे. तेथे त्याला 'शून्य ते दहा यांत किती दुखते?' असे विचारतात. ठणका, कळ, चमक, ठसठस, आग हे मराठीने जपलेले भेद या आकड्यात बुडतात. कातकऱ्यांच्या बोलीतले शब्द तर विचारणाऱ्याच्या कानीही पडत नाहीत. केव्हा उठायचे, काय खायचे, सुई कोणत्या हातात, यांतले काहीच त्याच्या मर्जीवर नाही. ज्या वयात मनुष्य प्रथमच आपल्या मर्जीची चव घेतो, त्याच वयात ती हिरावली जाते. कोऱ्या कागदावर उल्हास नदी काढायची, नाचणीचे वरकस काढायचे, की नुसताच काळा रंग फासायचा, हे मात्र तो ठरवू शकतो. चित्रोपचाराचे बळ आम्हांस येथे दिसते, आणि विषय नेमून देणारा उपचारक नेमके हेच काढून घेतो.

एक धोका मात्र स्पष्ट सांगितला पाहिजे. सिकलसेलच्या रोगात विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात व हाडे फुटल्यासारखी कळ येते. बाहेरून जखम दिसत नाही, म्हणून मुलगा सोंग करतो असा संशय सहज घेतला जातो. अशा रुग्णाला वेदनाशामक औषध आधी, रंगपेटी नंतर. मॉर्फिन मिळणे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने किती दुष्कर झाले होते आणि २०१४ च्या दुरुस्तीने ते सुकर करण्याचा प्रयत्न का करावा लागला, हे ज्यांस ठाऊक आहे ते स्वस्त रंगपेटीच्या स्तुतीने सहसा हुरळणार नाहीत.

राहिला प्रश्न या चित्रांच्या समीक्षेचा. त्यांत रचनेचे गुण शोधणे अप्रस्तुत होय. काळा रंग दिसला की निराशेचे निदान करणे त्याहून अप्रस्तुत. मुलाने आपण होऊन चित्राविषयी काही सांगितले, तर ते ऐकून त्याच्याच शब्दांत टिपून ठेवावे व डॉक्टरांच्या कानी घालावे; न सांगितल्यास विचारू नये. ते चित्र रुग्णालयाच्या भिंतीवर लावायचे, घरी न्यायचे की फाडून टाकायचे, याचा निर्णयही त्याच्याकडेच असावा.