पंधराव्या मिनिटाला बंद केलेला सिनेमा

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षी आमच्या हॉस्टेलमध्ये एक हार्ड डिस्क फिरायची. १ टीबीची, एका कोपऱ्याला सेलोटेप लावलेली. तिच्यात ‘आयएमडीबी टॉप २५०’ नावाचा फोल्डर होता आणि त्यातली पहिली फाइल म्हणजे ‘द शॉशँक रिडेम्प्शन’. सबमिशनच्या आदल्या रात्री, जर्नल अर्धवट टाकून, मी तो पाहिला. पहाटे संपला. रूममेटला हलवून विचारलं, “याला ऑस्कर किती मिळाले रे?” तो कूस बदलत म्हणाला, “शून्य. झोप.”

मला वाटलं फेकतोय. गूगल केलं. खरंच शून्य. २७ मार्च १९९५ला ६७वा ऑस्कर सोहळा झाला, त्यात ‘शॉशँक’ची ७ नामांकनं होती आणि हातात काही पडलं नाही. ‘पल्प फिक्शन’चीही ७, मिळालं एक, मूळ पटकथेचं. ‘फॉरेस्ट गम्प’ची १३ नामांकनं आणि ६ पुरस्कार. सर्वोत्कृष्ट चित्रपट तोच, दिग्दर्शक त्याचाच, आणि टॉम हँक्स लागोपाठ दुसऱ्या वर्षी सर्वोत्कृष्ट अभिनेता.

या तीन सिनेमांवरून आमच्या विंगमध्ये भांडणं व्हायची ती पुरुषोत्तमच्या निकालानंतर भरत नाट्यमंदिराबाहेर होतात तशीच. ‘परीक्षकांना काही कळत नाही’ इथून सुरू आणि चहा संपला की बंद. माझी बाजू थोडक्यात सांगतो, म्हणजे तो विषय एकदाचा संपेल. ‘गम्प’ मला पहिल्यांदा फार आवडला होता. आता पाहताना जेनीपाशी अडखळतो. जी प्रश्न विचारते, मोर्च्याला जाते, घर सोडते, तिला सिनेमा एकेक करून शिक्षा देत जातो. आणि जो सांगितलं तेवढंच करतो त्याला पदकं, पैसा, कोळंबीचा धंदा, सगळं. हँक्सच्या चेहऱ्यामुळे हे लक्षात यायला वेळ लागतो. ‘पल्प फिक्शन’ला चित्रपटाचं ऑस्कर मिळायला हवं होतं असं माझं मत आहे. ‘शॉशँक’वर माझं प्रेम आहे, पण प्रेम आणि मत या दोन गोष्टी आहेत. झालं.

कारण हा वाद शेवटी आवडीनिवडीचा आहे. पाचही सिनेमे मतपत्रिकेवर होते, लोकांनी पाहिले, एकाला जास्त मतं पडली. मला त्या वर्षाचं जे खुपतं ते मतपत्रिकेवर आलंच नाही. ते दारातच अडलं, आणि दरवाजावर उभा होता नियम. मी पोटासाठी नियमच लिहितो. ‘जर असं असेल तर आत घ्या, नाहीतर परत पाठवा.’ त्यामुळे मला इथे जास्त रस आहे.

‘द लास्ट सिडक्शन’ घ्या. जॉन डालचा थ्रिलर, आणि त्यात लिंडा फिओरेंटिनो. नवऱ्याचे पैसे घेऊन पळालेली बाई छोट्या गावात येते आणि तिथल्या एका भाबड्या पुरुषाला हळूहळू वापरून संपवते. सिनेमा तिच्याबद्दल एकदाही माफी मागत नाही. न्यूयॉर्कच्या समीक्षक मंडळाने तिला वर्षातली सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरवलं. ऑस्करला मात्र ती पात्रच नव्हती, कारण सिनेमा थिएटरआधी एचबीओवर दाखवला गेला होता. त्या वर्षीचं अभिनेत्रीचं ऑस्कर गेलं जेसिका लँगला, ‘ब्लू स्काय’साठी. हा सिनेमा निर्मिती कंपनीचं दिवाळं वाजल्यामुळे काही वर्षं डब्यात पडून होता; दिग्दर्शक टोनी रिचर्डसन १९९१मध्येच वारले होते. म्हणजे कपाटात पडून राहिलेला सिनेमा चालतो, लोकांनी घरी बसून आधी पाहिलेला चालत नाही. आज मोबाइलवर सिनेमा पाहणाऱ्या आपल्याला हे गमतीशीर वाटेल.

दुसरा, क्रिस्तॉफ किश्लॉव्स्कीचा ‘थ्री कलर्स: रेड’. घडतो जिनिव्हात, नायिका आयरीन जाकोब त्याच शहरात वाढलेली. स्वित्झर्लंडने परभाषिक विभागासाठी तो पाठवला आणि अकादमीने परत केला, पुरेसा स्विस नाही म्हणून. दिग्दर्शक पोलिश, निर्माता फ्रेंच, पैसाही बराचसा तिकडचा. मग हा सिनेमा कुणाचा? डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर ‘देश’ या रकान्यात एकच किंमत बसत होती आणि इथे तीन होत्या. गंमत म्हणजे ज्या विभागांना देश लागत नाही तिथे त्याच सिनेमाला दिग्दर्शन, पटकथा आणि छायाचित्रण अशी ३ नामांकनं मिळाली. एकही जिंकला नाही. आदल्या वर्षी मे महिन्यात कान महोत्सवातही ‘रेड’ रिकाम्या हाताने परतला होता. तिथलं सर्वोच्च पारितोषिक ‘पल्प फिक्शन’ने नेलं. किश्लॉव्स्की मार्च १९९६मध्ये गेला. या तिन्ही ‘कलर्स’ सिनेमांत एक वाकलेली म्हातारी येते, काचेच्या बाटल्यांच्या उंच पेटीत बाटली टाकायचा प्रयत्न करत. आधीच्या दोन सिनेमांत तिला कुणी मदत करत नाही. ‘रेड’मध्ये नायिका जाऊन बाटली ढकलते. एवढ्याशा गोष्टीसाठी हा माणूस तीन सिनेमे थांबला.

आणि तिसरा, ज्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला, ‘हूप ड्रीम्स’.

ही डॉक्युमेंटरी आहे. शिकागोच्या गरीब काळ्या वस्तीतली दोन पोरं, विल्यम गेट्स आणि आर्थर एजी. दोघं बास्केटबॉलमध्ये तयार. चौदाव्या वर्षी त्यांना उपनगरातल्या एका खासगी, मुख्यतः गोऱ्या मुलांच्या शाळेत खेळासाठी घेतलं जातं. स्टीव्ह जेम्स आणि त्याचे दोन साथीदार, फ्रेडरिक मार्क्स आणि पीटर गिल्बर्ट, अर्ध्या तासाची फिल्म करायला गेले होते. पाच वर्षं थांबले. २५० तासांचं चित्रीकरण झालं आणि त्यातून जेमतेम तीन तासांचा सिनेमा निघाला.

बास्केटबॉलमधलं मला काही कळत नाही. मी तो पाहिला लॉकडाउनमध्ये, लॅपटॉपवर, ‘पहिला तास बघू’ म्हणून. उठलो ते संपल्यावरच. आर्थर हवा तेवढा भराभर वाढत नाही, म्हणजे उंचीने आणि खेळाने. फी थकते आणि शाळा त्याला अर्ध्या वर्षात बाहेर काढते. पुढे गुणपत्रिकाही अडवून धरते. विल्यमची फी मात्र एक श्रीमंत बाई भरते, कारण त्याच्यात स्टार दिसतोय. मग विल्यमचा गुडघा जातो. आर्थरच्या घरची वीज तोडली जाते आणि अंधारात त्याची आई शीला थेट कॅमेऱ्यामागच्या माणसांना विचारते की मी एवढ्याशा पैशांत कशी जगत असेन याचा कधी विचार करता का. त्या प्रश्नाने मी लॅपटॉप जरा लांब सरकवला होता. एका प्रसंगात आर्थर मैदानावर खेळतोय आणि मागे, त्याच फ्रेममध्ये, त्याचा बाप ड्रग्ज विकत घेतोय. कुणी बोट दाखवत नाही. नंतर कधीतरी आर्थरचा अठरावा वाढदिवस येतो, शीला केक करत असते आणि बोलता बोलता म्हणते की पोरगा अठरा वर्षांचा होईपर्यंत जगला हेच खूप. केक करता करता!

विल्यमचा मोठा भाऊ कर्टिस एकेकाळचा स्टार. आता किरकोळ नोकऱ्या करतो आणि भावाचा खेळ बघताना त्याच्या चेहऱ्यावर काय काय होतं ते पाहावं. सिनेमानंतर, २००१मध्ये, कर्टिसचा खून झाला. २००४मध्ये आर्थरच्या वडिलांचा.

सनडान्सला ‘हूप ड्रीम्स’ला प्रेक्षकांचं पारितोषिक मिळालं होतं. अमेरिकेत घराघरांत पाहिले जाणारे टीव्हीवरचे समीक्षक सिस्केल आणि ईबर्ट महिनोन्‌महिने त्याच्या मागे लागले होते. ईबर्टने त्याला वर्षातला सर्वोत्तम सिनेमा म्हटलं. डॉक्युमेंटरीच नव्हे, चित्रपटाच्या मुख्य पुरस्कारासाठी त्याचं नाव घेतलं जात होतं. नामांकनं जाहीर झाली. डॉक्युमेंटरी विभागात तो नव्हता. संकलनासाठी एक नामांकन मिळालं आणि तेही पुरस्कार ‘गम्प’ घेऊन गेला.

कसं झालं हे, ते ईबर्टने पुढे लिहून ठेवलंय. डॉक्युमेंटरी निवडणाऱ्या समितीतल्या सभासदांकडे छोट्या टॉर्च असायच्या. कंटाळा आला की पडद्यावर टॉर्च मारायची. अर्ध्याहून जास्त टॉर्च लागल्या की प्रोजेक्टर बंद. ‘हूप ड्रीम्स’ पंधराव्या मिनिटाला बंद झाला. पण त्याहून मोठी गोष्ट आकड्यांत होती. प्रत्येक सिनेमाला ० ते १० गुण द्यायचे होते. ओरड झाल्यावर अकादमीच्या ब्रूस डेव्हिस यांनी हिशेबनिसांकडून गुण तपासून घेतले, तेव्हा दिसलं की काही थोड्या सभासदांनी आपल्याला हव्या त्या ५ सिनेमांना १० दिले होते आणि उरलेल्या प्रत्येकाला ०.

इथे थोडं गणित, घाबरू नका. समजा समितीत ४० जण आहेत. एका सिनेमाला ३० जणांनी ९ दिले आणि १० जणांनी ०. सरासरी ६.७५. दुसऱ्याला त्याच ३० जणांनी ६ दिले, म्हणजे ‘ठीक आहे’, आणि त्या १० जणांनी १०. सरासरी ७. तीनचतुर्थांश लोकांना जो सिनेमा भारी वाटला तो बाहेर आणि जो बरा वाटला तो आत. (आकडे माझे, समजावण्यापुरते.) सरासरीचा हा जुना रोग आहे. टोकाचं मत देणाऱ्याचं वजन वाढतं आणि प्रामाणिकपणे ७-८ देणारा गाढव ठरतो. उपाय फर्स्ट इयरच्या पोरालाही सुचेल. मध्यक घ्या, टोकाचे गुण उडवा, किंवा गुणांऐवजी क्रम लावायला सांगा. आमच्या लाडक्या आयएमडीबीवरही २००८मध्ये ‘द डार्क नाइट’ वर चढला तेव्हा, चाहते ‘गॉडफादर’ला मुद्दाम १ देताहेत अशी चर्चा झालीच होती. त्याच वर्षी ‘शॉशँक’ पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला. हार्ड डिस्कवरची माझी पहिली फाइल!

बरीच वर्षं मी ही गोष्ट मित्रांना ‘बघा, बग कसा असतो’ म्हणून रंगवून सांगायचो. त्या शून्यवाल्यांना मी मनात खडूस म्हातारे ठरवून टाकलं होतं.

मग कधीतरी सांगता सांगता थांबलो. माझ्या पहिल्या नोकरीत वर्षाअखेरीस ‘पीअर फीडबॅक’चा फॉर्म यायचा. टीममधल्या प्रत्येकाने प्रत्येकाला १ ते ५, नाव गुप्त. आम्ही नऊ जण आणि वरचं रेटिंग दोघांनाच मिळणार हे सगळ्यांना ठाऊक. आम्ही तिघं रोज एकत्र चहाला जायचो. टपरीवरच ठरलं की आपण एकमेकांना ५, बाकी सगळ्यांना २. तेव्हा ही लबाडी वाटलीच नाही, हुशारी वाटली. बाकीच्यांत एक टेस्टर होती, आमच्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी. रिलीजच्या आदल्या रात्री माझ्या कोडमधली एक चूक तिने पकडली होती. लोकांच्या खात्यातून पैसे दोनदा कापले गेले असते. मेलमध्ये तिने ‘एक इश्यू मिळाला, दुरुस्त झाला’ एवढंच लिहिलं, माझं नाव घातलं नाही. तिला मी २ दिले. आमच्यातल्या एकाला त्या वर्षी वरचं रेटिंग मिळालं. ती पुढच्या उन्हाळ्यात नोकरी सोडून गेली. जाताना मला तिच्या टेस्ट केसेसची एक्सेल शीट पाठवली, प्रत्येक ओळीपुढे ही चूक पुन्हा कुठे उगवू शकते ते लिहिलेलं. ती शीट मी अजून वापरतो.

तेव्हा समितीतल्या त्या लोकांना सिनेमाचा द्वेष असेल असं मला आता वाटत नाही. आपल्या पाच जणांना आत घ्यायचं होतं आणि फॉर्ममध्ये ० लिहायची सोय होती.

ओरड इतकी झाली की अकादमीला नियम बदलावे लागले. २००१मध्ये डॉक्युमेंटरी करणाऱ्यांची स्वतंत्र शाखा झाली. आता त्यांचे सिनेमे त्यांच्याच धंद्यातली माणसं निवडतात. म्हणजे बग दुरुस्त. मग २०१४ साली स्टीव्ह जेम्सने ‘लाइफ इटसेल्फ’ केला. विषय रॉजर ईबर्ट, म्हणजे तोच समीक्षक ज्याने ‘हूप ड्रीम्स’साठी घसा कोरडा केला होता. कर्करोगाने जबडा गेलेला, बोलता न येणारा ईबर्ट त्यात शेवटपर्यंत विनोद करतो. नव्या नियमांनी, जाणकारांच्या शाखेने, तो १५ जणांच्या यादीत घेतला आणि नामांकनाच्या वेळी वगळला. इथे टॉर्च नव्हती, कुणाची टोळी असल्याचंही कुठे आलेलं नाही. नुसतीच मतं कमी पडली. जेम्सला डॉक्युमेंटरीचं नामांकन मिळायला २०१८ उजाडलं, ‘अबॅकस’साठी, आणि तेव्हाही पुरस्कार दुसऱ्यालाच गेला. नियम नीट केले की निकाल नीट लागतील, ही माझी इंजिनीअरी समजूत इथे जरा लंगडी पडते. तरी मी नियमच आधी नीट करीन. वाईट मताशी भांडता तरी येतं. पंधराव्या मिनिटाला बंद झालेल्या प्रोजेक्टरशी काय भांडणार?

मागच्या महिन्यात ‘हूप ड्रीम्स’ पुन्हा लावला आणि मुद्दाम पंधराव्या मिनिटाला पॉज केला. तोवर फारसं काही घडलेलं नसतं. शाळा, बस, दोन पोरांची हसरी तोंडं. शीलाला अजून कुणी नीट पाहिलेलंही नसतं. ती बऱ्याच पुढे येते. नवरा व्यसनात, हातात पैसा नाही, अशात ती नर्सिंग असिस्टंटचा कोर्स करते. प्रमाणपत्र द्यायचा छोटासा कार्यक्रम असतो, खोली जवळजवळ रिकामी. तिथे तिला कळतं की वर्गात सर्वांत जास्त गुण तिला आहेत. तिचा विश्वासच बसत नाही. ती रडायला लागते, आणि कॅमेरा हलत नाही.