सर्वनाम, नाव, संबोधन : सहचराच्या मृत्यूनंतरचे लेखन

सहचराच्या मृत्यूनंतर जे लेखन घडते, त्याकडे पाहण्याच्या दोन रीती मराठी समीक्षेत रुळलेल्या आहेत. पहिली चरित्रात्मक आहे. ती लेखनाला दुःखाचा पुरावा मानते आणि त्याच्या प्रांजळपणावर त्याचे मोल ठरवते. दुसरी कलाकृतीच्या स्वायत्ततेचा आग्रह धरते आणि लेखकाच्या आयुष्यातील घटनेला संहितेबाहेर ठेवते. पहिलीत विधवा उरते, लेखिका हरवते. दुसरीत लेखिका उरते, परंतु ती ज्या अभावातून लिहिते तो अभाव दिसेनासा होतो. या दोहोंपेक्षा निराळी वाट शोधायची, तर भाषेतील एका साध्या प्रश्नापासून आरंभ करावा लागेल : गेलेल्या माणसाला लेखनात काय म्हणायचे?

ज्या समाजात पत्नीने पतीचे नाव उच्चारायचे नाही अशी रूढी होती, तेथे हा प्रश्न केवळ शैलीचा नव्हता. रमाबाई रानडे यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या ग्रंथाचे शीर्षकच त्याचे एक उत्तर आहे. न्यायमूर्ती रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी निवर्तले. त्यानंतर नऊ वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या या आठवणी ‘माझ्या’ नाहीत आणि ‘त्यांच्या’ही नाहीत. मराठीत ‘आपल्या’ म्हटले की ऐकणारा त्यात सामावतो. ‘आमच्या’ म्हटले की तो बाहेर राहतो. म्हणजे या सर्वनामाच्या आत दोनच माणसे आहेत, आणि त्यांपैकी एक हयात नाही. व्याकरण ज्याचे अस्तित्व गृहीत धरते त्याला वास्तवाने हिरावून नेले आहे. ग्रंथातील शोक प्रथम जाणवतो तो या विसंगतीत. विलापाची वाक्ये त्यानंतरची.

निवेदन रानड्यांच्या मृत्यूपाशी येऊन थांबते. सेवासदनाच्या उभारणीत रमाबाईंचे स्वतंत्र कर्तृत्व याच नऊ वर्षांत आकाराला येत होते, पण त्याला या ग्रंथात जागा नाही. याचा अर्थ केवळ पातिव्रत्याचा संकोच असा लावणे अपुरे होईल. ‘आमच्या’ या सर्वनामाने आखलेल्या वर्तुळात एकटीचे आयुष्य बसतच नाही. ते सांगायला दुसरे सर्वनाम लागले असते, आणि ते घेणे म्हणजे पहिले सोडणे होते.

येथे शोकातील लिंगभेदही लक्षात घ्यावा लागतो. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे रानडे स्वतः १८७३ साली विधुर झाले आणि त्याच वर्षी, वडिलांच्या आग्रहापुढे नमून, अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाहबद्ध झाले. विधुराचा शोक समाजाने काही आठवड्यांत आवरता घ्यायला लावला. विधवेचा शोक आयुष्यभराचा ठरवून टाकला. रमाबाईंची स्मृती या असमान व्यवस्थेच्या आतच काम करते. त्यांना अक्षरओळख पतीनेच करून दिली. ज्या साधनाने त्या पतीला आठवतात ते साधनच त्याचे देणे आहे. या ऋणामुळे त्यांच्या निवेदनात आदराचे अंतर सतत राखले जाते, आणि मृत व्यक्ती क्वचितच चुकताना दिसते.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त (१९३४–३६) चित्र पालटते. त्या पतीला सरळ ‘टिळक’ म्हणतात. हे नाव जवळिकीचे आहे आणि तटस्थतेचेही. त्यामुळे निवेदिका पतीला एका स्वतंत्र पात्रासारखी न्याहाळू शकते. विसरभोळे, लहरी, हातचे देऊन टाकणारे, घरातून अचानक नाहीसे होणारे टिळक वाचकाला हसवतात. या विनोदाचे कारण केवळ लेखिकेचा स्वभाव नव्हे. रेव्हरंड टिळकांचे निधन १९१९ साली झाले. परंतु लक्ष्मीबाईंनी पती गमावण्याचा अनुभव त्याआधीच घेतला होता. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढची काही वर्षे पती हयात असून संसार मोडला. तो वियोग सोसून, भांडून, समजून घेऊन पुन्हा सहजीवन उभारलेल्या स्त्रीला मृत्यूनंतर पतीची मूर्ती घडवण्याची गरज उरत नाही. दोषांसकट आठवलेला माणूस अधिक काळ माणूस राहतो. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले, याचाही येथे विचार व्हावा. गेलेल्याच्या अर्ध्या ओळीपासून आपली ओळ सुरू करणे हे स्मरणाचे असे रूप आहे की त्यात शोक आणि श्रम वेगळे काढता येत नाहीत.

फ्रॉइडने १९१७ सालच्या शोक आणि विषाद यांवरील निबंधात शोक हे एक ‘कार्य’ असल्याचे म्हटले होते : एकेका स्मृतीपाशी थांबून मन गमावलेल्या व्यक्तीपासून सुटे होत जाते आणि अखेर मुक्त होते. परंतु १९२३ साली त्याने स्वतःच या मांडणीला मुरड घातली; गमावलेल्या व्यक्तींच्या ठशांतूनच ‘अहं’ घडत जातो, असे तो सांगू लागला. वरील दोन्ही ग्रंथ या दुसऱ्या प्रतिपादनाच्या जवळ जातात. त्यांत सुटका नाही, सामावून घेणे आहे.

इंदिरा संतांच्या कवितेत प्रश्न अधिक बिकट होतो. ना. मा. संत यांच्यासमवेतचा ‘सहवास’ हा संग्रह १९४० सालचा. १९४६ साली त्यांचे निधन झाले, आणि ‘शेला’ (१९५१) हा पुढचा संग्रह एकटीचा आहे. येथे अक्षरांचे ऋण नाही; दोन कवींची बरोबरी होती. म्हणून ना ‘आमच्या’, ना नाव. येथे ‘तू’ आहे. संबोधनाला समोर कोणी असावे लागते. समोर कोणी नसताना केलेले संबोधन प्रत्येक कवितेपुरते त्या व्यक्तीला उपस्थित करते आणि कविता संपताच पुन्हा गमावते. आठवण गोष्टीत बांधली की तिला टिकाऊपणा येतो. भावकवितेत ती दर वेळी नव्याने मोडते. या कवितेला ‘विरहिणीची कविता’ असे लेबल लावून समीक्षा मोकळी झाली, की ही मोडण्याची क्रियाच नजरेआड होते.

पुरुषाच्या बाजूचे एक उदाहरण येथे जोडावेसे वाटते. रमाबाईंच्या आठवणींचा इंग्रजी अनुवाद कुसुमावती देशपांडे यांनी केला. तो १९६३ साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाला. पुढे १९७२ साली कवी अनिलांनी दोघांचा पत्रव्यवहार ‘कुसुमानिल’ या नावाने प्रकाशात आणला. या शीर्षकात दोन नावांचा संधी झाला आहे, आणि मृत पत्नीचे शब्द पतीच्या आठवणीतून गाळून न येता तिच्याच हस्ताक्षरातून येतात. रमाबाईंच्या ‘आमच्या’मध्ये जो दुसरा आवाज केवळ गृहीत होता, तो येथे प्रत्यक्ष ऐकू येतो.

सर्वनाम, नाव, संबोधन, संधी ही केवळ शैलीची वैशिष्ट्ये नव्हेत. उरलेला माणूस स्वतःला कोण समजतो, याचे ते निर्णय आहेत. चरित्र ठाऊक असल्याखेरीज हे निर्णय उमगत नाहीत, आणि संहिता बारकाईने वाचल्याखेरीज ते दिसत नाहीत. दुःख किती खरे होते हा प्रश्न समीक्षेने विचारू नये. त्याचे उत्तर देण्याचा अधिकार तिला नाही. त्या दुःखाने भाषेतील कोणती जागा रिकामी ठेवली आणि कोणती भरली, हे मात्र तिला विचारता येते, आणि विचारले पाहिजे.