पृच्छाधिष्ठित प्रयोग आणि शिक्षक-प्रशिक्षण : अमेरिकेतील प्रगत रसायनशास्त्र अभ्यासक्रमाची चिकित्सा

प्रास्ताविक

विज्ञानाच्या अध्यापनात प्रयोगाचे महत्त्व सर्वमान्य आहे. प्रयोगशाळेत विद्यार्थी नेमका कशाचा विचार करतो, हा प्रश्न मात्र तितक्या गांभीर्याने विचारला जात नाही. ठरलेली कृती, ठरलेले निरीक्षणाचे कोष्टक आणि आधीच ठाऊक असलेले उत्तर अशा चौकटीत पार पडणारा प्रयोग हाताला वळण लावतो. बुद्धीला तो आव्हान देईलच असे नाही. या उणिवेवर उपाय म्हणून पृच्छाधिष्ठित प्रयोगांचा पुरस्कार केला जातो. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील माध्यमिक शाळांमधील ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ रसायनशास्त्र अभ्यासक्रमाच्या संदर्भात या प्रयोगांचा आणि ते घेणाऱ्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा विचार केला आहे. या अभ्यासक्रमाने प्रयोगांचे स्वरूप बदलले, पण ज्या निर्णयक्षमतेवर हे प्रयोग अवलंबून आहेत ती शिक्षकामध्ये घडविण्याची पुरेशी व्यवस्था केली नाही, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

पार्श्वभूमी

शालेय विद्यार्थ्याला महाविद्यालयाच्या प्रथम वर्षाच्या तोडीचा विषय शिकता यावा, या हेतूने ‘कॉलेज बोर्ड’ ही संस्था हे अभ्यासक्रम चालविते. मे महिन्यातील परीक्षेत विद्यार्थ्याला १ ते ५ यांपैकी श्रेणी मिळते आणि चांगल्या श्रेणीच्या आधारे अनेक विद्यापीठे श्रेयांक देतात. आशयाचा विस्तार फार आणि आकलनाची खोली कमी, अशी टीका राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २००२ मधील अहवालाने या विज्ञान अभ्यासक्रमांवर केली होती. त्यानंतर झालेल्या पुनर्रचनेतून २०१३-१४ मध्ये रसायनशास्त्राचा नवा अभ्यासक्रम लागू झाला. पूर्वी शिफारस केलेल्या २२ प्रयोगांची यादी असे. तिच्या जागी अध्यापनाचा किमान २५ टक्के वेळ प्रयोगशाळेत, किमान १६ प्रयोग आणि त्यांपैकी किमान ६ मार्गदर्शित पृच्छेचे, अशी अट आली. सोबत १६ प्रयोगांची पुस्तिकाही प्रसिद्ध झाली. २०१९ मध्ये आशयाची ९ घटकांत फेरमांडणी झाली, तरी प्रयोगांविषयीची ही अट कायम राहिली.

हा विचार अमेरिकेत नवा नाही. १९५७ मध्ये स्पुटनिकचे उड्डाण झाल्यानंतर तेथे विज्ञानशिक्षणाच्या सुधारणेला वेग आला. ग्लेन सीबोर्ग यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या मार्गदर्शनाने ‘केम स्टडी’ हा प्रकल्प उभा राहिला. जॉर्ज पिमेंटेल यांनी संपादित केलेले त्याचे पाठ्यपुस्तक १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. रसायनशास्त्र हे प्रायोगिक विज्ञान आहे, ही या पुस्तकाची मूळ भूमिका होती. त्याच काळात राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या अर्थसाहाय्याने शिक्षकांसाठी कित्येक आठवड्यांची उन्हाळी सत्रे भरत. अभ्यासक्रम बदलला की शिक्षकालाही पुन्हा अभ्यासाला बसावे लागते, याची जाण त्या व्यवस्थेत होती.

प्रयोगाचे बदललेले रूप

पृच्छेच्या पातळ्या ओळखण्यासाठी जोसेफ श्वाब यांच्या विचारावर आधारित, १९७१ मध्ये मार्शल हेरन यांनी मांडलेली श्रेणी उपयुक्त आहे. प्रश्न, पद्धती आणि उत्तर यांपैकी काय दिलेले आहे, यावरून प्रयोगाची पातळी ठरते. तिन्ही दिलेली असल्यास पृच्छा शून्य. तिन्ही विद्यार्थ्याने शोधायची असल्यास ती सर्वाधिक खुली. नव्या पुस्तिकेतील प्रयोग बहुतांशी मधल्या पातळीवर आहेत. तेथे प्रश्न दिलेला असतो; पद्धती विद्यार्थ्याने ठरवायची असते.

पितळेतील तांब्याचे शेकडा प्रमाण रंगाच्या साहाय्याने काढण्याचा प्रयोग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पितळ संहत नायट्रिक आम्लात विरघळविले की तांब्याच्या आयनांमुळे निळे द्रावण मिळते; जस्ताचे आयन रंगहीन राहतात. जुन्या पद्धतीत तरंगलांबी, प्रमाण द्रावणांच्या संहती आणि आलेखाचे अक्ष हे सर्व विद्यार्थ्याला सांगितले जाई. नव्या पद्धतीत या गोष्टी त्याने ठरवायच्या असतात. निळ्या द्रावणासाठी तांबड्या-नारिंगी भागातील प्रकाश का निवडावा? अज्ञात द्रावणाचे शोषण आलेखाच्या मर्यादेत येण्यासाठी प्रमाण द्रावणे कोणत्या संहतींची असावीत? या प्रश्नांची उत्तरे शोधताना बीअरचा नियम पाठांतराचा विषय राहत नाही, ते विद्यार्थ्याच्या हातातील साधन होते. हे या पुस्तिकेचे निर्विवाद यश आहे.

मात्र याच प्रयोगात शिक्षकाची खरी कसोटी लागते. एखाद्या गटाचे शोषणमूल्य आलेखाच्या बाहेर पडले, तर शिक्षकापुढे दोन मार्ग असतात. “द्रावण विरल करा” असे सांगितले की वेळ वाचतो, पण पृच्छा तेथेच संपते. “तुमचा आलेख या बिंदूविषयी काही सांगू शकतो का?” असे विचारले, तर विचार पुढे सरकतो आणि तासिका मात्र लांबते. केव्हा सांगावे व केव्हा थांबावे, हा निर्णय कोणतीही पुस्तिका शिक्षकाच्या वतीने घेऊ शकत नाही.

हात गरम ठेवणाऱ्या पुडीची रचना करण्याचा प्रयोग आणखी वेगळा पेच निर्माण करतो. कॅल्शिअम क्लोराइड, लिथियम क्लोराइड, अमोनियम नायट्रेट यांसारख्या क्षारांच्या विद्रावणातील उष्मा मोजून, किंमत व सुरक्षितता विचारात घेऊन योग्य क्षार निवडायचा असतो. अमोनियम नायट्रेट विरघळताना द्रावण थंड होते, म्हणून तो बाद ठरतो. परंतु उरलेल्यांमध्ये एकच एक बरोबर उत्तर नाही. साहजिकच शिक्षकाला उत्तर न तपासता युक्तिवाद तपासावा लागतो. वर्षानुवर्षे आकडा ताडून गुण देणाऱ्या शिक्षकासाठी हा मोठा बदल आहे.

प्रशिक्षणातील उणिवा

या बदलासाठी मिळणारे प्रमुख प्रशिक्षण म्हणजे सुमारे ३० तासांचे उन्हाळी सत्र. त्यात अनुभवी शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली सहभागी शिक्षक काही प्रयोग स्वतः करतात. स्वतः विद्यार्थी होऊन अनुभव घेणे आवश्यकच आहे. तथापि, या सत्रात शिक्षकासमोर असतात ते रसायनशास्त्र जाणणारे त्याचे समव्यावसायिक. गोंधळलेला सोळा वर्षांचा विद्यार्थी तेथे नसतो. त्यामुळे पृच्छेचा आनंद अनुभवास येतो, ती चालविण्याचा सराव मात्र होत नाही. शिवाय या सत्राची केवळ शिफारस आहे, सक्ती नाही. २००७-०८ पासून शिक्षकाला आपला पाठ्यक्रम मान्यतेसाठी सादर करावा लागतो. या तपासणीत सहा पृच्छाप्रयोगांचा उल्लेख कागदावर दिसतो. ते कसे घेतले गेले, हे दिसत नाही.

दुसरी उणीव सुरक्षिततेची आहे. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने शाळांमध्ये मिथेनॉल वापरून केल्या जाणाऱ्या ज्योत-प्रात्यक्षिकांतील अपघातांविषयी २०१३-१४ मध्ये जाहीर इशारे दिले होते. ती प्रात्यक्षिके होती, पृच्छाप्रयोग नव्हते, हे खरे. परंतु स्वतः योजलेल्या, परिचित प्रात्यक्षिकातील धोकाही जेथे ओळखता येत नाही, तेथे विद्यार्थ्यांनी आखलेल्या सात-आठ वेगवेगळ्या योजनांतील धोका तासिकेपूर्वी ओळखणे किती कठीण असेल, याची कल्पना येते. पितळेच्या प्रयोगातच विषारी नायट्रोजन डायऑक्साइड वायू निर्माण होतो आणि तो बाहेर काढणारा धूमकक्ष लागतो. विद्यार्थ्याची योजना वाचून तिच्यातील धोका हेरण्याचे कौशल्य स्वतंत्रपणे शिकवावे लागते; विषयज्ञानाबरोबर ते आपोआप येत नाही.

तिसरी उणीव मूल्यमापनाची. मे महिन्यातील परीक्षा संपूर्णपणे लेखी असते. तिच्यात प्रयोगांवर आधारित प्रश्न असतात, पण विद्यार्थ्याच्या हाताचे काम किंवा त्याची प्रयोगवही श्रेणीसाठी विचारात घेतली जात नाही. काही विद्यापीठे श्रेयांक देण्यापूर्वी प्रयोगवही मागू शकतात, म्हणून ती जपून ठेवण्याचा सल्ला तेवढा दिला जातो. परीक्षा जवळ आली की शिक्षकाने लांबणाऱ्या प्रयोगाऐवजी सरावप्रश्न निवडले, तर त्याला सर्वस्वी दोष देता येत नाही.

आक्षेप आणि त्याचा विचार

येथे एका महत्त्वाच्या आक्षेपाची दखल घेणे आवश्यक आहे. किर्शनर, स्वेलर व क्लार्क यांनी २००६ मध्ये असे प्रतिपादन केले, की नवशिक्या विद्यार्थ्याच्या कार्यकारी स्मृतीवर अल्प-मार्गदर्शित अध्ययनाचा अवाजवी भार पडतो. म्हणून स्पष्ट मार्गदर्शनच अधिक परिणामकारक ठरते. २००७ मध्ये मेलो-सिल्वर, डंकन व चिन यांनी त्याला उत्तर दिले. पृच्छाधिष्ठित अध्यापन म्हणजे मार्गदर्शनाचा अभाव नव्हे. त्यात भक्कम आधाररचना असते, असा त्यांचा मुद्दा होता. सदर पुस्तिकाही उपकरण व कार्यपद्धती हाताळण्याचा सराव देऊन मगच विद्यार्थ्याला मोकळीक देते, ही गोष्ट तिच्या बाजूने नोंदवावी लागेल. पण हा वाद शेवटी शिक्षकापाशीच येऊन थांबतो. आधार किती द्यावा आणि केव्हा काढून घ्यावा, हे समोरचा विद्यार्थी पाहूनच ठरते. ही पारख नसेल, तर पृच्छाप्रयोगाची एक तर पाककृती होते किंवा निव्वळ चाचपडणे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की प्रयोगपुस्तिकेची सुधारणा ही अर्धी सुधारणा आहे. उन्हाळी सत्राला वर्षभराची जोड मिळाली पाहिजे. शिक्षकांनी आपल्याच विद्यार्थ्यांच्या प्रयोगयोजना आणि फसलेले प्रयोग घेऊन एकत्र यावे, त्या योजनांतील धोके शोधण्याचा सराव करावा आणि एकच प्रयोगवही अनेकांनी तपासून गुणांतील फरकावर चर्चा करावी. परीक्षेतही प्रयोगवहीला काही स्थान मिळावे. अन्यथा सुसज्ज प्रयोगशाळा, साहाय्यक आणि अनुभवी सहकारी लाभलेल्या शाळांतच हे प्रयोग खऱ्या अर्थाने होतील. जेथे एकच शिक्षक द्रावणे तयार करतो, शिकवितो आणि शेवटी काचपात्रेही धुतो, तेथील विद्यार्थी मात्र तेच सोळा प्रयोग करूनही पृच्छेपासून वंचित राहील. संधीची समानता हा ज्या अभ्यासक्रमाचा घोषित हेतू आहे, त्याला ही विषमता परवडणारी नाही.